तंजावरच्या मावशींचं भाषण

सिंगापुरात बेडोकला राहायला आल्यावर दोन वर्षं मी त्यांना तमिळ समजत होते. आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर तीन मजले. सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, सुती साडी, केसांत बोटभर मोगरा. लिफ्टमध्ये भेटल्या की आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. एकदा त्या लिफ्टमध्ये असतानाच मी नवऱ्याला म्हणाले होते, "या बाईंच्या डोक्याला कसल्या तेलाचा वास येतो रे, दर शुक्रवारी?" परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ही एक वाईट सवय लागते. आपली भाषा म्हणजे बंद दार, असं त्याला वाटू लागतं.

एका सकाळी मी पुण्याला आईशी फोनवर बोलत लिफ्टमध्ये शिरले. आईचा गुडघा सुजला होता आणि ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. मी जवळजवळ भांडतच होते. फोन ठेवला तर त्या म्हणाल्या, "आईचा पाय फार दुखतो काय? ओव्याची पुरचुंडी करून शेकायला सांग."

मी बघतच राहिले. मराठी होती, पण मी कधी ऐकलेली नव्हती. सूर तमिळसारखा, शब्द मात्र आमचेच. "तुम्ही मराठी आहात?"

"होय गे. आम्ही तंजावरचे." लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, तेव्हा बाहेर पाऊल टाकत त्या म्हणाल्या, "आणि तें तेल तिळाचं अहे. शुक्रवारीं आम्ही डोक्यावरून न्हातों."

लाजेने माझे कान तापले. त्या मात्र हसत होत्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ब्लॉकखालच्या दगडी बाकावर आम्ही अर्धा तास बसू लागलो. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या मला 'गे' म्हणायच्या, नाव क्वचितच घ्यायच्या. त्यांचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा इथे इंजिनियर, सून मूळची मदुरईची आणि स्वभावाने चांगली. घरात तमिळ आणि इंग्रजी. नात सेकंडरी शाळेत, ती यांना 'पाटी' म्हणायची, म्हणजे तमिळमधली आजी. नवरा गेला त्या दिवसापासून मराठीत बोलायला समोर कोणीच उरलं नव्हतं. "देवाशीं बोलतें," त्या म्हणाल्या. "पण तो फिरून बोलत नाहीं."

त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. मावशींचे वडील राजवाड्यातल्या ग्रंथालयात कारकून होते. मोडी कागदांवरची धूळ झटकायची आणि कोणी विद्वान आला की हवं ते बाड काढून द्यायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. राजवाड्याभोवती चार बाजूंना चार राजवीथी, म्हणजे मोठे रस्ते. यांचं घर पश्चिमेच्या वीथीत. पुढे ओसरी, मागे विहीर, आणि शेजारी एक वीणा करणारा. फणसाचं लाकूड तासल्याचा आवाज दिवसभर यायचा आणि भुसा उडून यांच्या वाळवणात पडायचा. त्यावरून मावशींची आई आणि त्याची बायको रोज भांडायच्या. आई रागावली की मराठीत आणि ती तमिळमध्ये. दोघींना दोन्ही भाषा येत होत्या, पण भांडण आपापल्या भाषेतच व्हायचं.

मोठं देऊळ घरापासून चालत जाण्याइतकं. आमच्यासारख्यांना ते उंच शिखर आणि तो प्रचंड नंदी एवढंच ठाऊक असतं. मावशींच्या बोलण्यात शिखर फारसं यायचंच नाही. यायची ती तिथली तापलेली फरशी. दुपारी देवळात गेलं की एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळायचं. दारातल्या बायका कदंबम विकायच्या, म्हणजे मोगरा, कण्हेर आणि मरव्याची पानं एकत्र गुंफलेला गजरा. जत्रेला गल्लोगल्लीच्या मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकस्वामीच्या, पालख्या निघायच्या आणि सगळी राजवीथी जागी राहायची. आणि एक भिंत. देवळाच्या मागच्या आवारात, नैऋत्येच्या कोपऱ्यात, एका मराठा राजाने आपल्या घराण्याचा सगळा इतिहास दगडात मराठीतून कोरवून ठेवला आहे. वडील सुट्टीच्या दिवशी त्यांना तिथे न्यायचे, त्यांचं बोट धरून कोरलेल्या अक्षरावरून फिरवायचे. "हा क. हा म." मावशी वाचायला शिकल्या त्या त्या भिंतीवर. "उन्हाळ्यांत अक्षर तापलेलं असायचं गे. बोट भाजायचं. पण सोडायचं नाहीं म्हणून बाबा सांगायचे."

तिथे सगळे यांना 'रायर' म्हणायचे, म्हणजे ते मराठीवाले. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पाहुणेच. आणि इथे सिंगापुरात आल्यावर सगळे तमिळ समजू लागले. मावशींनी हे सांगितलं त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला, छत्री नव्हती, असं सांगावं तसं सांगितलं.

त्यांच्या भाषेची मला सवय झाली. 'आहे'चं 'अहे', 'लवकर'ऐवजी 'झडकरी'. आणि 'विचारणं' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच, 'पुसणं' होतं. "तुला एक पुसूं काय?" अशीच त्यांची सुरुवात व्हायची. पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग लक्षात आलं, आपल्या 'विचारपूस'मध्ये तो शब्द अजून बसलेला आहे. आपण त्याला तेवढ्यापुरता ठेवला आणि बाकी सगळीकडून काढून टाकला. काही महिन्यांनी मीही त्यांच्याशी बोलताना "पुसा की" म्हणू लागले.

हे सगळं माझ्यापुरतंच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

सिंगापूरच्या पूर्व भागातल्या आम्हा मराठी लोकांचा एक गट आहे. पुण्या-मुंबईचे आयटीवाले, बँकांतले, काही माझ्यासारखे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन स्थिरावलेले. गणपती, दिवाळी आणि वर्षातून एकदा कम्युनिटी क्लबचं सभागृह घेऊन कार्यक्रम. त्या वर्षी विषय ठरला, दक्षिणेतला मराठी ठसा. मुलांचा नाच, पोवाडा, तंजावरवर स्लाइड्स. मीटिंगमध्ये मी उत्साहाने हात वर केला. "आपल्याकडे खरीखुरी तंजावरची बाई आहे. माझ्या ब्लॉकमध्ये राहते."

सगळे एकदम खूश झाले. कार्यक्रम बसवणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, इतिहासाचा अभिमान बाळगणारे. ते म्हणाले, "वा! म्हणजे जिवंत पुरावाच." त्यांना मावशींकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या होत्या. एक, राजे किती पराक्रमी होते. दुसरं, सांबार हा मूळचा मराठी पदार्थ आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं.

मी मावशींना घेऊन त्या गृहस्थांच्या घरी गेले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांबाराचं मला ठाऊक नाहीं. आमच्या घरीं कोण्णी असं सांगितलं नाहीं."

"अहो मावशी, सगळीकडे लिहिलेलं आहे ते. इंटरनेटवर आहे."

"मग तुम्हींच सांगा."

"तुम्ही सांगण्यात मजा आहे ना!"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "राजांबद्दल बोला हवं तर." त्या म्हणाल्या, "राजांना मी पाहिलं नाहीं. मला आमचा रस्ता ठाऊक अहे." गृहस्थांनी शेवटी पानभर मजकूर स्वतःच लिहून दिला, 'आम्ही तंजावरचे मराठे, आमच्या धमन्यांत' अशी सुरुवात असलेला. परत येताना बसमध्ये मावशींनी तो कागद दोनदा वाचला. "धमनी म्हणजे काय गे?" मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्यांनी तयारी केली होती. कागदाची नव्हे, स्वतःची. पंधरा दिवस बाकावर बसून मला म्हणून दाखवत होत्या. आधी भिंत सांगायची, मग वीणा करणारा, मग लग्न होऊन राजवीथीतल्याच दुसऱ्या टोकाच्या घरी गेल्या ते. कार्यक्रमाच्या दिवशी त्या लिंबोणी रेशमी साडी नेसल्या. सकाळीच लिटल इंडियात जाऊन केसांत माळायला फुलं आणली होती. मुलगा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता, सुनेला ताप. म्हणून नात बरोबर आली आणि मागच्या रांगेत फोन घेऊन बसली. मी पहिल्या रांगेत.

मावशींनी कागदातल्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग कागद खाली ठेवला आणि बोलायला लागल्या. सभागृहात थोडी कुजबूज झाली. लोकांना कळत होतं आणि नव्हतं. एखाद्या शब्दावर कोणी हलकं हसायचं. भिंतीची गोष्ट चालली होती तेव्हा मागे मुलं पळापळी करत होती. मी वळून त्यांना गप्प केलं. मग मावशी लग्नाच्या गोष्टीवर आल्या. नव्या घरात कोणी बोलायचं नाही, भीती वाटायची, पण सासू फार मायेची होती, हे त्यांना सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "मी नवी नवरी. रोज सकाळीं सासूबाई मला जवळ बसवून पुसायच्या."

पहिल्यांदा दोन-तीन जण हसले. मावशी थांबल्या, हसल्या, आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "होय! रोज पुसायच्या! पुसल्याशिवाय न्याहारी द्यायच्या नाहींत."

सभागृहात हशा फुटला. निवेदन करणारा तरुण हजरजबाबी म्हणून आमच्यात प्रसिद्ध आहे. त्याने माईक उचलला. "मावशी, नशीबवान आहात! आमच्या सासूबाई नुसत्या धुतात!"

लोक अक्षरशः खुर्चीवरून घसरले. आणि मीही हसले. हे लिहायचं ठरवलं तेव्हा ठरवलं होतं की एवढं वाक्य टाळायचं नाही. मीही हसले, डोकं मागे टाकून, तोंड उघडून. त्या शब्दाचा अर्थ त्या सभागृहात मला जितका ठाऊक होता तितका दुसऱ्या कोणाला नव्हता. पण विनोद छान जमला होता, सगळे हसत होते, आणि मी त्या सगळ्यांतली होते.

मावशींना वाटलं भाषण आवडलं. त्या हात जोडून हसत उभ्या राहिल्या. पुढचं बरंच सांगायचं राहिलं होतं, पण निवेदकाने टाळ्यांच्या आवाजात त्यांना शाल दिली आणि मुलांचा नाच सुरू झाला. घरी जाताना त्या टॅक्सीत म्हणाल्या, "सगळे कसे हांसले न? आमच्या तिकडे सभेंत कोण्णी हांसत नाहीं." मी म्हणाले, "हो, छान झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढाच तुकडा आला. अर्ध्या मिनिटाचा. कोणीतरी खाली अक्षरं टाकली होती, 'पुसणाऱ्या सासूबाई', आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे. संध्याकाळपर्यंत तो इथल्या दुसऱ्या मराठी ग्रुप्सवर गेला. पुण्याहून माझ्या मावसबहिणीने मलाच पाठवला. 'बघ, तुमच्या सिंगापूरचा आहे.' व्हिडिओच्या शेवटी कॅमेरा पहिल्या रांगेवर फिरतो. मी त्यात स्पष्ट दिसते.

मी गटाच्या कार्यक्रमवाल्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, काढायला सांगा. ते म्हणाले, "अगं, लोक किती प्रेमाने हसतायत! कोणी वाईट बोललंय का? उलट त्यामुळे तंजावर लोकांपर्यंत पोचलं."

"त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना कळणारही नाही. आणि आता फॉरवर्ड झालेलं कोण कसं काढणार?"

यावर मी ग्रुपवर जाहीरपणे लिहू शकले असते. दोन वाक्यं पुरली असती, की हा शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ हा. मी टाइप केलं. मग वाटलं, आता सगळ्यांचा मूड घालवणारी मीच होणार. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, होतं, निम्म्या गटाला आमंत्रण होतं. मी ते पुसून टाकलं.

तीन दिवस मावशी खाली आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या. बाकावर बसल्या, पर्स मांडीवर. नेहमीसारखं "जेवलीस काय" नाही.

"नातीनें दाखवलं," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, पाटी, यू फेमस लाह. पण तिला मराठी येत नाहीं. व्हाय दे लाफिंग, म्हणून मला पुसत होती. मी काय सांगूं?" मग म्हणाल्या, "पुसणं म्हणजे तुमच्यांत काय गे?"

मला सांगावं लागलं. "टेबल पुसतात, अंग पुसतात, ते."

"मग कोण्णाला काय हवं नको, तें?"

"त्याला आम्ही विचारणं म्हणतो."

त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून बघितला. "विचार तर आपल्या मनांत करतात. दुसऱ्याला करतात तें पुसणं." एक बाई ट्रॉलीतून भाजी घेऊन गेली, तिने हात केला, यांनीही केला. "तूं पण हांसलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यांना ठाऊक नव्हतं. तुला होतं."

मी माफी मागितली. म्हणाले की नकळत हसू आलं, विनोद सासूंवर होता, तुमच्यावर नव्हता. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की प्रत्येक वाक्याबरोबर मी आणखी लहान होते आहे. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. उठल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "इट्स ओके. नो प्रॉब्लेम."

त्यानंतर त्या माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत. अबोला नव्हता. लिफ्टमध्ये भेटलो की "गुड मॉर्निंग", "टुडे व्हेरी हॉट", "युअर मदर ओके?" सगळं होतं. मी मराठीत बोलायचे, त्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या, चुकत, पण न थांबता. एकदा मी अगदी ठरवून म्हटलं, "मावशी, तुम्हाला एक पुसू का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नक्कल करते आहे.

त्या डिसेंबरमध्ये आमच्या गटाची तंजावरला सहल निघाली. कार्यक्रम 'यशस्वी' झाला म्हणूनच निघाली. इथून तिरुचिरापल्लीला थेट विमान आहे, तिथून गाडीने तासा-दीड तासावर तंजावर. मी गेले. मावशींना सांगितलं तेव्हा त्या "हॅपी जर्नी" म्हणाल्या.

दुपारी देवळात पोचलो. फरशी खरंच भाजत होती. आमची माणसं भिजवलेल्या काथ्याच्या पट्ट्यांवरून ओरडत, हसत पळाली. नैऋत्येच्या कोपऱ्यात ती भिंत सापडली. कार्यक्रमवाल्या गृहस्थांनी बॅगेतून फेटे काढले आणि सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून फोटो काढले. ती अक्षरं देवनागरी आहेत, पण जुन्या वळणाची, एकाला एक लागून कोरलेली. आमच्यापैकी कोणाला सलग ओळ वाचता आली नाही. एकाने दोन शब्द लावले आणि म्हणाला, "जाऊ दे, गुगलवर मिळेल."

बाहेर कॉफी प्यायला थांबलो. आमचं बोलणं ऐकून शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कुठले? पुण्याचे काय?" सूर मावशींचाच. आमच्यातल्या एका बाईने त्यांना चक्क हिंदीत उत्तर दिलं, "हम लोग सिंगापूर से हैं, अंकल." आणि आमच्याकडे वळून, "हे पण काहीतरी मराठीसारखं बोलतात वाटतं."

मी कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "तुम्हाला एक पुसूं काय?"

ते हसले. "विचारा की," म्हणाले. "आम्ही मराठी टीव्ही बघतों. तुम्ही विचारतां म्हणतां, तें ठाऊक अहे आम्हाला."

त्यांना आमची भाषा येत होती आणि त्यांची त्यांनी आमच्यासाठी बाजूला ठेवली होती. मी पश्चिम राजवीथीतल्या ग्रंथालयाच्या कारकुनाच्या घराबद्दल विचारलं. त्यांना नेमकं आठवलं. घर विकलं गेलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, वीणावाल्यांची मुलं चेन्नईला. "त्या कारकुनांची मुलगी सिंगापुरांत अहे म्हणे," ते म्हणाले. "सुखांत अहे काय?" मी हो म्हटलं.

परत आले तोवर मावशींच्या घरचं सामान खोक्यांत भरलेलं होतं. मुलाने पुंगोलला, शहराच्या ईशान्य टोकाला, मोठा फ्लॅट घेतला होता, नातीला वेगळी खोली हवी म्हणून. जाताना त्या दारात येऊन नमस्कार करून गेल्या. तेही इंग्रजीतच.

दीडेक महिन्याने मी एका रविवारी पुंगोलला गेले. नवं, स्वच्छ घर, खिडकीतून पाणी दिसत होतं. सुनेने प्रेमाने बसवलं, डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे स्टीलच्या वाटी-पेल्यात, कॉफी दिली. मावशी जरा बारीक झाल्या होत्या. मी फोनवर भिंतीचे फोटो दाखवले, फेटेवाले सोडून. त्यांनी एक फोटो मोठा केला आणि अक्षरांवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता वाचतील. ओठ हललेही. मग फोन माझ्या हातात परत दिला. "फ्लोअर व्हेरी हॉट, नो?" म्हणाल्या.

मी कॉफीवाल्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं, घराबद्दलही. दुकानाचं ऐकून त्यांनी मान हलवली. "आय नो. माय ब्रदर टोल्ड." त्या आतल्या खोलीत पडायला गेल्या.

नात मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. चुणचुणीत मुलगी. तिने इंग्रजीत विचारलं, "आंटी, तुम्ही दोघी बेडोकला खाली बसून कुठली भाषा बोलायचात? मराठी ना?"

"हो, मराठी."

"मला शाळेत फॅमिली हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे. मी पाटीला विचारलं, तर ती म्हणाली मराठी नाही. मराठी तुमची. ती म्हणाली, आमची ती नुसती घरात बोलायची होती, तिला नाव नाही. मग मी काय लिहू?"

लिफ्ट आली. मी तिला म्हटलं, आजीला पुन्हा विचार. ती म्हणाली, "विचारलं. शी डोंट वॉन्ट लाह, आंटी." मी आत शिरले. दार बंद होईपर्यंत ती वही घेऊन तिथेच उभी होती. मी एलआरटीत, म्हणजे वस्तीभोवती फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, बसले आणि उलट्या फेरीची गाडी पकडली म्हणून सगळ्या पुंगोलला वळसा घालून स्टेशनवर आले. वाटेत गटाचा मेसेज आला होता. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला त्या तंजावरच्या मावशी पुन्हा हव्यात, लोक मागणी करतायत, त्यांचा नंबर पाठव. मी लिहिलं की त्या आता घर बदलून गेल्या, नंबर माझ्याकडे नाही. नंबर होता.